आखाजीच्या उन्हातला हीटर

अख्ख्या खानदेशात भर उन्हाळ्यात मोटारीतला हीटर लावून हिंडणारा एकच माणूस आहे, आणि देवाच्या कृपेनं तो माझा साडू आहे. ही गोष्ट मला वेळेवर कळली असती तर मी तो हीटर बंद केला नसता. झालं असं की, साडूंनी ती लाल गाडी घेतली त्या साली मला कौतुकानं शेजारी बसवून यावलच्या रस्त्याला नेलं. बाहेर चव्वेचाळीस अंश, आणि पायांवर भट्टीचं दार उघडल्यासारखा वारा. मला वाटलं, बटण चुकून चालू राहिलं असेल. मी शहाण्यासारखं ते फिरवलं. चार किलोमीटरवर बॉनेटमधून वाफेचा लोट निघाला. साडू खाली उतरले, आधी वाफेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बटनाले हात लावाले कोन सांगतलं व्हतं तुमाले?"

"मला उकडत होतं, भाऊ."

"माणूस तापला त लिंबाखाली बसते, बापा. इंजिन कुठं बसवू?"

यानंतर सहा महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. दिवाळीच्या फराळालासुद्धा मला हाक मारली ती अक्कांनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, साडूंच्या कुटुंबानं.

त्यांचं शास्त्र बरोबर होतं हे मला नंतर कळलं. इंजिनाची आग उचलणारं पाणी हीटरमधूनही फिरतं. हीटर लावला की त्यातली थोडी आग इंजिनातून निघून आत बसलेल्यांच्या अंगावर येते. फक्त हे शास्त्र भोगायला माणूस लागतो, आणि साडूंना तो दर वेळी नवा शोधावा लागायचा.

गाडी चाळीस वर्षांपूर्वीची, परदेशी, सहा सिलिंडरची, दोन दारांची. बर्फाच्या मुलखात वाऱ्यासारखी पळावी म्हणून जिला कुणी जन्म दिला, ती मुंबईच्या एका शौकिनाच्या हातून सुटून यावल तालुक्यातल्या केळीच्या बागेत येऊन पडली. साडूंनी तिला केळीसारखीच वाढवली. बागेला ऊन लागू नये म्हणून लावतात ती हिरवी जाळी तिच्या शेडवर चढली. शेडच्या पत्र्यावर ठिबकच्या नळ्या गेल्या. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घातलं तर क्षार धरतो, म्हणून गच्चीवरचं पावसाचं पाणी पिंपात साठवून, फडक्यानं गाळून ठेवायचं. घरची माणसं मात्र तेच बोअरचं पाणी प्यायची. अक्का एकदा म्हणाल्या, "माझ्या मूतखड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा यांनी डॉक्टरला विचारलं, हा क्षार नळीत किती दिवसांत बसतो? मला वाटलं माझी काळजी लागलीय."

गाडी चालवताना साडू रस्त्याकडे क्वचितच बघत. नजर तापमानाच्या काट्यावर. कुणी भीत भीत सुचवलंच, तर म्हणत, "रस्ता काय, जागेवरच ऱ्हाते. हालते तो काटा." आणि पोचल्यावर गाडी लगेच बंद करायची नाही, पाच मिनिटं नुसती चालू ठेवायची, पळून आलेल्या माणसाला दम खाऊ द्यावा तशी. सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला ते अगदी वेळेवर पोचले होते. पण मांडवाबाहेर इंजिनाला दम खाऊ देता देता आत अक्षता पडल्या. फोटोत काका कुठेच नाहीत. मागे लांब एक लाल ठिपका दिसतो, तेच ते.

या सगळ्यात एक गोष्ट राहिली होती. गाडी घरात येऊन अकरा वर्षं झाली, पण अक्का आखाजीला धुळ्याला माहेरी जायच्या त्या एस्टीनंच. आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया; सासुरवाशिणीनं माहेरी जायचा सण, आणि नेमका वर्षातल्या सगळ्यात रणरणत्या दिवसांत येणारा. त्या दिवसांत साडू गाडी जाळीखालून काढतच नसत. यंदा मात्र सासूबाईंनी फोन करून सांगितलं, "माझी मोठी पोर त्या लाल गाडीतून दारात उतरलेली मला एकदा पाहू द्या. पुढच्या आखाजीचं मला सांगू नका." वय त्र्याऐंशी. जावयाला नाही म्हणता येईना. अक्कांनी नवी पैठणी काढून बाहेर ठेवली.

साडूंचा बेत उजाडायच्या आत निघायचा होता. पण सणाला पितरांची घागर पुजल्याशिवाय, चुलीत नैवेद्याच्या घासाची आगारी टाकल्याशिवाय अक्का उंबरा कशी ओलांडणार? पितरांना घाई नव्हती. निघायला दहा वाजले. साडू चालवायला, अक्का शेजारी हीटरच्या तोंडाशी, पायांवर ओला टॉवेल घेऊन. मी आदल्या दिवशीच जळगावहून साडूंच्या गावी जाऊन राहिलो होतो, कारण माझी बायको दोन दिवस आधीच माहेरी गेली होती. मला मागच्या सीटवर पाण्याच्या सहा कॅनच्या मधोमध घडी घालून ठेवलं होतं. चोपडा गेलं, शिरपूर गेलं, तापी ओलांडली. प्रत्येक थांब्याला एकेक कॅन रिकामा होत गेला. नरडाण्याच्या पुढे काटा चढायला लागला, आणि सोनगीरला किल्ल्याच्या पायथ्याशी एका लिंबाखाली गाडी थांबवावी लागली. आमच्यासाठी नव्हे.

मी आपला मदतीला धावलो. समोरच्या टपरीवरून माठातलं गार पाणी आणतो म्हणालो. साडू ओरडले, "गार? गार पाणी? तापल्या इंजिनावर गार पाणी पडलं त हेड तडकते, माहीत हाय का? जीव जाते तिचा!"

अर्धा तास गेला. शेवटच्या कॅनमधलं कोमट पाणी थेंबथेंब ओतून झालं. तेवढ्यात माझ्या बायकोचा फोन आला. दीड वाजत आला होता, ताटं वाढून तयार होती आणि सासूबाई उपाशी बसल्या होत्या. लेक आल्याशिवाय घास घेणार नाही म्हणत होत्या, आणि त्यांच्या शुगरच्या गोळ्या राहिल्या होत्या.

अक्कांनी टॉवेल झटकला, पदर सावरला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "मी बसनं जाते. तुम्ही बसा हिच्याजवळ."

इतक्या वर्षांत अक्कांच्या तोंडून मी पुष्कळ टोमणे ऐकलेत. हा टोमणा नव्हता. साडूंनी काट्याकडे पाहिलं. काटा अजून खाली आला नव्हता. मग त्यांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढून त्या काट्यावर ठेवली आणि म्हणाले, "बस गाडीत."

सोनगीर ते धुळे साडूंनी पहिल्यांदा रस्त्याकडे बघत गाडी चालवली. मी पहिल्यांदा देवाचं नाव घेतलं.

गल्लीत शिरलो तेव्हा पुढून वाफ निघत होती, त्यामुळे अख्खी गल्ली बाहेर आली. अक्का उतरल्या. साडूंनी इंजिन दम खायला चालू ठेवून बॉनेट उघडलं. सासूबाई भाकरतुकडा आणि माठातल्या पाण्याची कळशी घेऊन दारात उभ्या. तुकडा ओवाळून टाकला, लेकीच्या पायांवर पाणी घातलं, जावयाच्या पायांवर घातलं. मग त्यांची नजर गाडीकडे गेली.

"तीबी तपी गयी ना बिचारी!" असं म्हणून त्यांनी उरलेली कळशी उघड्या इंजिनावर उपडी केली.

टण्णकन आवाज झाला. इंजिन दोनदा उचकलं आणि गप्प झालं. मी डोळे मिटले. बटणाला हात लावला तर सहा महिने; इथं काय होणार?

डोळे उघडले तर साडू वाकून सासूबाईंच्या पाया पडत होते. "बरं केलं आई," ते म्हणाले, "लय तापली व्हती." मग आत येऊन पाटावर बसले आणि आमरसाबरोबर तीन पुरणपोळ्या खाल्ल्या. तिसरी सासूबाईंनी आग्रहानं वाढली, म्हणून.

हेड तडकलंच होतं. तसं हेड आता कुठे मिळत नाही म्हणतात. केळीच्या ट्रकवर चढवून गाडी गावी नेली, ती हिरव्या जाळीखाली उभी आहे. त्या दुपारी सगळे लवंडले होते तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. साडू गल्लीत एकटेच उभे होते, थंड पडलेल्या बॉनेटवर तळहात ठेवून, पोराचा ताप उतरला का पाहावा तसे. मी चेष्टा करायला बाहेर जाणार होतो. गेलो नाही.

संध्याकाळी बायकोला म्हटलं, "बघ, तुझ्या दाजींनी रागाचा एक शब्द काढला नाही. मी असतो तर मीही हेच केलं असतं."

बायको आईच्या गोळ्या डबीत भरत होती. मान वर न करता म्हणाली, "मागे आईच्या हातून तुमच्या मोबाइलवर चहा सांडला, तेव्हा तुम्ही न जेवता जळगावला निघून गेला होतात."