जावेच्या हातचं धुणं

ऑपरेशनला चार वर्षं झाली. डावा स्तन काढला, मग रेडिएशनचा शेक घेण्याच्या फेऱ्या झाल्या, आणि त्यानंतर त्या बाजूची कातडी माझी राहिली नाही. हे मी आजवर कुणाला बोलले नाही. आमच्या घरात आजाराला 'तब्येत' म्हणतात आणि छातीला काहीच म्हणत नाहीत.

काखेजवळ हात लावला तर सगळं बधिर, दुसऱ्याच कुणाचं अंग असावं तसं. आणि तिथून चार बोटं पुढं, टाक्यांच्या रेषेवर, पंख्याचं वारंसुद्धा झोंबायचं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखा बंद करून बसलेली बाई कुणी बघितली आहे का? मी बसायचे. पोलक्याची शिवण टोचायची म्हणून पोलकं उलटं घालायचे, शिवण बाहेर. सासऱ्यांची जुनी धोतरं होती, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. माझ्या धाकट्या जावेनं ती फाडून पट्ट्या केल्या, पोलक्याच्या आतून ठेवायला. पहिले दोन महिने मला अंघोळही तिनंच घातली. खरं तर हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं.

खाली आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांना आम्ही सगळे अव्वा म्हणतो. वर दीर, जाऊ आणि त्यांची मुलगी. तेव्हा स्वयंपाक एकच होता. धुणंही एकत्र असायचं आणि ते जाऊ धुवायची, कारण माझा डावा हात वर जात नव्हता.

शेक संपून दोन महिने झाले तरी टाक्यांच्या वरची जागा रोज सकाळी लाल व्हायची. अंघोळीनंतर तासाभरात आग आग, दुपारपर्यंत पुरळ. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काही लावता का त्या जागेवर? पावडर, तेल, वासाचा साबण?"

"काहीच लावत नाही," मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

"मग कपड्यात साबण राहतोय का, तेही एकदा बघा."

त्या सहज बोलल्या. मी मात्र ते वाक्य घरी आणलं आणि त्याला खाऊपिऊ घालून वाढवलं.

आधी नुसतं बघत राहिले. बादलीत ती पाणी किती घेते, कपडा किती वेळा खळबळते, धुण्याचा सोडा कुठल्या फळीवर ठेवते. मग नको ते सुचायला लागलं. मी थोरली, म्हणून कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडं असायच्या. आजारपणात त्या तिच्याकडं गेल्या होत्या. मी बरी झाले तर तिला त्या परत द्याव्या लागतील, असा विचार मी तिच्या वतीनं करून टाकला. तिच्या मनात तो आला असेल असं आज मला वाटत नाही.

एकदा मी तिची परीक्षा घेतली. एकसारखी दोन पोलकी घेतली. एक मी स्वतः एका हातानं धुतलं आणि माझ्या खोलीत खुर्चीवर वाळवलं. दुसरं तिनं धुतलेलं. दोन दिवस पाळीपाळीनं घातली. दोन्ही दिवशी आग झाली. शहाणं माणूस इथं थांबलं असतं. मी काय ठरवलं? दुपारी माझा डोळा लागल्यावर तिनं माझं पोलकं सोड्याच्या पाण्यातून काढून पुन्हा खुर्चीवर टाकलं असणार!

एका रविवारी सगळे जेवायला बसले होते. जाऊ भाकऱ्या वाढत होती. मी विचारलं, "धुण्यात काय घालतेस गं तू?"

"काय घालते म्हणजे? साबण घालते की."

"आणि सोडा?"

"तुमच्या कपड्याला सोडा? अक्का, मला काय वेड लागलंय का?"

अव्वा पाटावरूनच म्हणाल्या, "तोंडानं नगं. गळ्यातल्या लिंगाला हात लाव आन् सांग, न्हाय घालत म्हणून."

आमच्या लिंगायतांत गळ्यातलं लिंग अंगावेगळं करत नाहीत. त्याला हात लावून कुणी खोटं बोलत नाही. जाऊ भाकरीची टोपली हातात धरून ताठ उभी राहिली.

"न्हाय घेणार शपथ. अंघोळ घालत होते तेव्हा कुणी मागितली नव्हती."

शपथ घेत नाही म्हणजे खोटी, हा अव्वांचा कायदा. आठवड्याच्या आत वर वेगळा गॅस आला. दीर तिच्याशी कामापुरतंच बोलायला लागले. मी माझे कपडे माझी मी धुवायला लागले. आग होतच राहिली. अव्वा म्हणाल्या, "मुरलंय ते अंगात. जाईल हळूहळू."

मग मी दहा दिवस बार्शीला बहिणीकडं गेले. आमच्यात अंघोळ झाली की पूजेला बसायचं आणि विभूती ओली करून कपाळाला, दंडांना, छातीला तीन बोटं ओढायची. लहानपणापासूनची सवय, हात आपोआप जातो. बहिणीचं देवघर बैठकीच्या खोलीत, उघड्यावर. जाणारे-येणारे बघतात. तिथं पदर बाजूला करायची मला लाज वाटली, म्हणून कपाळाला तेवढी लावली.

चौथ्या दिवशी आग थांबली. फोनवर अव्वा म्हणाल्या, "बघ, तिची सावली न्हाय तितं." मीही हो म्हटलं.

सोलापूरला परतले. पहिल्याच सकाळी पूजेला बसले, छातीवर तीन बोटं ओढली आणि उठायच्या आत आग सुरू झाली. बोटं तशीच राहिली. राख ती. गोवरी जाळून केलेली, खरखरीत. शेक घेतलेल्या कातडीवर ती मी रोज घासत होते. डॉक्टरीणबाईंशी मी खोटं बोलले नव्हते. त्या पावडर-तेलाचं विचारत होत्या, आणि विभूती ही त्यांच्या ओळीत बसणारी वस्तू आहे हे मला सुचलंच नव्हतं. कुंकवाचं विचारलं असतं तरी मी 'काहीच नाही' म्हटलं असतं.

छातीला विभूती बंद केली. महिन्याभरात पुरळ गेलं. शिवण अजून टोचते, पंखा अजून एकवरच असतो, पण ती रोजची आग गेली. घरात निकाल लागला: जाऊ वर गेली आणि अक्का बरी झाली. मी तो निकाल ऐकून घेतला. संशय घेतला तो आजारात घेतला, असं म्हणता येईल. गप्प बसले ती मात्र बरी झाल्यावर. तीन वर्षं.

गेल्या आठवड्यात पुतणी गच्चीवरून माझे वाळलेले कपडे घेऊन खाली आली. चांगली नोकरीला लागलेली पोर. अव्वांनी कपडे तिच्या हातातून ओढून घेतले. "ठेव ते. आईचा हात हाय तुझा."

पोरीला वाटलं आजी चेष्टा करते आहे. ती हसली. मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिचं हसू थांबलं.

मी तडक वर गेले. जाऊ तूरडाळ निवडत होती. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तुमची पोलकी मी धूत होते की, अक्का. त्या पट्ट्यांवर रोज पांढऱ्या तीन रेघा. डॉक्टरीणबाईंनी काही लावता का म्हणून विचारलेलं मला कळलं, तेव्हाच ध्यानात आलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. विभूतीनं होतंय असं अव्वांसमोर कसं म्हणायचं, ह्याचाच विचार करत होते. तेवढ्यात तुमचा तो रविवार आला." तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. "त्याच्यानंतर म्हटलं, होऊ दे आग."

ते ऐकून मला बरं वाटलं. का ते सांगता येत नाही.

"मला सांगून काय उपयोग?" ती ताट ठेवून उठली. "खाली चला."

अव्वा टीव्हीसमोर होत्या. मी विभूतीचं सांगितलं, बार्शीचं सांगितलं, तीन वर्षं गप्प बसल्याचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग जावेकडं, बराच वेळ. मग मला म्हणाल्या, "वर बोलावून काय पढवलं हिनं तुला?"

"कुणी नाही पढवलं, अव्वा. माझंच चुकलं."

"विभूतीनं कुणाचं वाईट झालंय का कधी? वरती च्या पाजला का हिनं?"

ते डोळे माझ्या ओळखीचे होते. कित्येक महिने मी त्याच डोळ्यांनी जावेची बादली बघितली होती. जाऊ जिन्याकडं वळली. तिसऱ्या पायरीवर थांबून म्हणाली, "उद्या परत सांगा, अक्का."

दुसऱ्या दिवशी परत सांगितलं. दिरांना सांगितलं, ते वर निघून गेले. पुतणीला सांगताना मला तिच्याकडं बघवलं नाही. अव्वांना आज पाचव्यांदा सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या.

आज दुपारी वरून आमटीची वाटी आली. अव्वांनी ती माझ्याकडं सरकवली.

"आधी तू खा," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्यासमोर बसून सगळी खाल्ली.