हुकूम न देण्याचा हुकूम

येरेमिया कासूले उभा जन्म पोलिसांना कवायत शिकवत आला होता. युगांडाच्या महिला क्रिकेट संघाचा प्रशिक्षक झाल्यावर आपण काही वेगळं काम करतोय, असं त्याला स्वतःला कधी वाटलं नाही. नागुरूच्या पोलीस वसाहतीत तो क्रिकेट शिकला, तिथेच त्याला जुळ्या मुली झाल्या, आणि तेव्हापासून ओळखीतलं सगळं कंपाला त्याला सालोंगो, म्हणजे जुळ्यांचा बाप, अशीच हाक मारायचं. त्याचा आवाज लुगोगोच्या मैदानावरून निघून रस्त्यापलीकडे चपात्या भाजणाऱ्यांपर्यंत पोहोचायचा. मिड-ऑनला मागे सरकायचा हुकूम सुटला की मिड-ऑनची मुलगी सरकायचीच, पण चपातीच्या रांगेतलं गिऱ्हाईकही नकळत मागे व्हायचं.

त्याचं डावपेचांचं शास्त्र साधं होतं. मैदानावर पाय सगळ्यांचे, डोकं एकाचं. गोलंदाज मुली चेंडू टाकण्याआधी फलंदाजाकडे न बघता सीमारेषेवरच्या त्याच्या हातांकडे बघत. कर्णधार फ्लाविया आचन नाणेफेक करायची आणि शेवटी समोरच्या कर्णधाराशी हात मिळवायची. मधल्या वेळात तिला कर्णधार असण्याचं काही काम नसे. आचन गुलूकडची, सरकारी दवाखान्यात सुईण. कळा सोसणाऱ्या बायकांच्या शिव्या दिवसभर ऐकून तिचे कान असे तयार झाले होते की सालोंगोचं ओरडणं तिला शेजारच्या घरातल्या रेडिओसारखं वाटे.

मग केनियाविरुद्ध एक झेल उंच उडाला. सालोंगो ओरडला, "प्रॉसी, तुझा!" संघात प्रॉसी दोन होत्या, आणि दोघीही शिस्तीच्या. दोघी एकमेकींवर आदळल्या, चेंडू जमिनीवर पडला, एकीचा दात तुटला आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षीणबाई केम्बाबाझी यांनी त्याला बोलावून घेतलं आणि परदेशातून आलेल्या एका तज्ज्ञाच्या शिबिरासाठी एन्टेबेला पाठवलं.

तळ्याकाठच्या हॉटेलात तो तज्ज्ञ मऊ आवाजात सांगत होता, की प्रशिक्षकाने हुकूम देऊ नये, प्रश्न विचारावा. उत्तर खेळाडूला स्वतः सापडलं पाहिजे. सालोंगोने हात वर केला.

"साहेब, हा हुकूम समजायचा का?"

तज्ज्ञाला वाटलं हा विनोद करतोय. तो हसून म्हणाला, "समजा तसं."

सालोंगोला एवढं पुरे होतं. वरून आलेला हुकूम त्याने आयुष्यात कधी मोडला नव्हता, त्यामुळे हुकूम न देण्याचा हुकूमही तो अक्षरशः पाळू लागला. पुढच्या सरावाला त्याने सगळ्या मुलींना रांगेत उभं केलं आणि पहिलीच्या तोंडावर गरजला, "तुला काय वाटतं?" मुलगी ताठ झाली आणि म्हणाली, "तुम्हाला वाटतं तेच, सालोंगो." दुसरीला विचारलं, तिनेही तेच सांगितलं. एक प्रॉसी तर रडायलाच लागली. काही महिने असेच गेले. मुली खेळायचं सोडून सालोंगोच्या पोटातलं उत्तर ओळखत बसायच्या, आणि संघ पूर्वी हरायचा त्याहून जास्त हरू लागला.

शेवटी एकदा त्याने आचनला विचारलं. ती दवाखान्यातून थेट आली होती, पायांत अजून तिथल्याच चपला होत्या.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "मला वाटतं, मॅच चालू असताना तुम्ही पॅव्हेलियनमध्ये आत जाऊन बसावं."

सालोंगोचे ओठ हलले, गळ्याची शीर फुगली. पण प्रश्न त्याने विचारला होता आणि उत्तर खेळाडूला सापडलं होतं. पुढच्या सामन्यापासून तो आत जाऊन बसू लागला.

घरी त्याची बायको तेझिरा शेंगदाण्याची आमटी वाढता वाढता म्हणाली, "तीस वर्षं मी हेच सांगतेय, तर मला कधी कुणी शिबिराला पाठवलं नाही."

संघ हळूहळू जिंकू लागला आणि एका स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला. टांझानियाविरुद्धच्या त्या सामन्यात शेवटचं षटक उरलं तेव्हा सामना कुणाच्याही बाजूला झुकू शकत होता. आचनने वेगवान गोलंदाजाच्या हातातला चेंडू काढून घेतला आणि दात तुटलेल्या प्रॉसीला दिला, जी सरावातही फिरकी भीत भीत टाकायची. सालोंगो अर्धवट उठला. मग पुन्हा बसला आणि आपल्याच मांड्यांखाली हात दाबून धरले. हा चक्क वेडेपणा होता, आणि तो थांबवायला त्याच्याकडे फक्त एक प्रश्न शिल्लक होता. तोही इतक्या लांबून विचारता येण्यासारखा नव्हता.

टांझानियाच्या मुलींना तो वेडेपणा कळला नाही. त्या मोठे फटके मारायला गेल्या आणि बाद होत गेल्या. युगांडा जिंकलं. मुली मैदानभर नाचत होत्या, आणि सालोंगो आत बसून होता. पंगती उठल्यावर लग्नाला पोहोचलेल्या पाहुण्यासारखं त्याला वाटत होतं.

वर्तमानपत्रांनी मात्र त्याला डोक्यावर घेतलं. संकटातही शांत बसून राहणारा प्रशिक्षक! त्याच्या बसण्याचं एवढं कौतुक झालं की केम्बाबाझीबाईंनी त्याला बढती दिली. इतका मोठा माणूस एका संघात अडकवून ठेवणं बरं नाही, त्याने देशभर हिंडून शिक्षकांना नेतृत्व शिकवावं, असं ठरलं. संघाला नवा प्रशिक्षक लगेच नेमायची घाई कुणाला वाटली नाही; मुलींना आता स्वतःचं स्वतः सुचतंच आहे, असं बाई म्हणाल्या. सालोंगोने सलाम ठोकला आणि म्बाराराची बस पकडली. तिथे पन्नाशीतल्या मास्तरांना रांगेत उभं करून तो बजावायचा, की हुकूम देणारा मला दिसला तर याद राखा.

वर्षाने संघ पुन्हा लुगोगोवर खेळणार होता. सालोंगो तिकीट काढून गेला आणि गवतावर बसला. दुसऱ्याच षटकात कव्हरमध्ये मोठं भगदाड दिसलं आणि तो कधी उठून उभा राहिला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. इथे तो प्रशिक्षक नव्हता, साधा प्रेक्षक होता, आणि प्रेक्षकाला कुठलाच हुकूम लागू नव्हता. तो ओरडला. मग ओरडतच राहिला.

शेजारी मक्याचं कणीस खाणारा एक माणूस वैतागला. "बसा हो काका. मुलींना खेळू द्या. क्रिकेटमधलं काही कळतं का तुम्हाला?"

"थोडंफार," सालोंगो म्हणाला आणि मिड-विकेटला पुढे बोलावलं.

मिड-विकेट हलली नाही. कुणीच हललं नाही. पाणी प्यायच्या वेळी आचन दोरीपर्यंत चालत आली, गुडघा किंचित टेकवून तिने रीतसर नमस्कार केला आणि तेझिराची चौकशी केली.

"आवाज ऐकून फार बरं वाटलं, सालोंगो," ती म्हणाली. "इतके दिवस मैदान कसं रिकामं रिकामं वाटत होतं."

"मग मिड-विकेट का नाही हलवलीस?"

"ओरडा तुम्ही," ती बाटलीचं झाकण लावत म्हणाली. "मी ते ऐकणार नाही. पण ओरडा."

ती परत गेली. सालोंगोने घसा खाकरला, शेजाऱ्याला जरा सरकायला सांगितलं आणि उभा राहिला.