सवडीनं या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, देवापुढेही नाही — तिथे मी नारळ फोडते आणि निघते. तुम्हाला सांगतेय, पण मला चुचकारायला येऊ नका. "अगं, तुझा काय दोष" असं कुणी म्हटलं ना, तर माझं डोकं फिरेल.

जव्हारला एका गाड्यांच्या शोरूममध्ये मी काउंटरवर बसते. गिऱ्हाइकांना फोन करणं माझं काम. माझ्या तोंडात साखर आहे असं मालक सगळ्यांना सांगतात, आणि आहेच — भांडायला आलेलं गिऱ्हाईक माझ्याशी बोलून, चहा पिऊन जातं. याचा मला माज होता. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू?

एका पावसाळ्यात कंपनीकडून निरोप आला. आमच्या सात सीटांच्या गाडीत ब्रेकचा पाइप कच्चा निघाला होता. ज्यांनी ज्यांनी ती गाडी नेली त्यांना फोन करा, ब्रेकचं आहे म्हणून स्पष्ट सांगा, गाडी जागची हलवू नका म्हणा. आमचा माणूस घरी येऊन पाइप फुकट बदलून देईल. स्पष्ट सांगा — हे कंपनीचे शब्द. म्हणजे कंपनीवर खापर फोडायची सोयही मला नाही.

समोर नव्या गाडीसाठी आलेली माणसं बसली होती. त्यांच्या कानावर ब्रेक हा शब्द घालायचा? शोरूमचं नाव पार मोखाड्यापर्यंत घालवायचं? छे! मी आपली सगळ्यांना एकच सांगत सुटले — "मोफत तपासणी आहे, सवडीनं या."

आले की सगळे! पाइप बदलून गेले, कशासाठी बदलला हे कुणी विचारलंही नाही. जामसरच्या आदिवासी पाड्यावरचे काशिनाथकाका तेवढे आले नाहीत. एरवी ते त्या गाडीतून पाड्यावरची माणसं भाड्यानं बाजाराला न्यायचे-आणायचे. आवणीचे दिवस होते, माणूस चिखलात उभा राहून भाताची रोपं लावत होता — त्याला कुठली सवड? फुकटच्या तपासणीसाठी कोण शेत टाकून येईल? हे मला कळत नव्हतं का? मी इथलीच आहे. चांगलं कळत होतं.

उतारावर ब्रेक लागलाच नाही. काकांनी गाडी डोंगराच्या अंगाला घातली म्हणून दरीत गेली नाही. शेजारी त्यांची बायको बसली होती, मंजुळाकाकी. तिचा पाय चेचला. ती आता काठी धरून चालते, शेतात उतरत नाही.

आणि मी काय केलं? बाजारात लोक विचारायला लागले, गाडीतच खोट आहे का हो? मी म्हटलं, "गाडीत कसली खोट? काकांनी घेतली असेल थोडी." काका पीत नाहीत. मला ठाऊक होतं. पण पाड्यावरच्या माणसाबद्दल एवढं म्हटलं की बाजारात कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही — तेही ठाऊक होतं.

पुढे कळलं, दुसरीकडच्या शोरूमवाल्यांनी सरळ ब्रेकचं सांगून टाकलं. लोक भांडले, बुकिंग रद्द झाली, टीव्हीवर ओरड झाली. मग निवळलं. आज तिकडे त्याच गाडीला पुन्हा मागणी आहे. कंपनीचं एवढं मोठं नाव — त्याला माझ्या साखरेची गरजच नव्हती हो! काकांचं नाव मात्र गेलं ते गेलंच. त्यांच्या गाडीत आता पाड्यावरचंही कुणी बसत नाही.

मंजुळाकाकी दवाखान्यातून घरी आली आणि काका शोरूममध्ये आले. वाटलं, आता हा माणूस मला फाडून खाणार. खाऊ दे! मी तयारीत होते, माझी उत्तरं पाठ होती. काका काउंटरपुढे उभे राहिले. आमच्याकडे पाड्यावरची माणसं सगळ्यांना तूच म्हणतात. म्हणाले, "ताई, तू बोलवलंस, मीच नाय आलो. लोक तुझ्या गाडीला नावं ठेवत व्हते. माफ कर."

तुम्ही असता तर काय बोलला असता? जाऊ दे, मला नकोय उत्तर. मी — लाज वाटते, वाटायलाच हवी — मी त्याच गोड आवाजात म्हणाले, "असू द्या काका. होतं असं."

मी त्यांना माफ केलं.