अर्ध्या भाकरीचं पोट

माणूस स्वतःच आपल्या देहाचा शिल्पकार असतो. निजामपुऱ्यातल्या आमच्या डॉक्टरांच्या भिंतीवर हे वाक्य ठळक अक्षरांत लावलेलं आहे. खाली ‘सौजन्य’ म्हणून एका मिठाईच्या दुकानाचं नाव आहे.

मी शिल्पकार या नात्यानेच समोर बसलो होतो. साखर वाढलेली, पोट टेबलाला टेकलेलं. डॉक्टरांनी विचारलं, “जन्माच्या वेळी वजन किती होतं?”

अंबाडीपलीकडच्या आमच्या गावात तेव्हा भात मोजायचे, पोरं नाही. डॉक्टर म्हणाले, आईच्या पोटात आणि पहिल्या दोनेक वर्षांत ज्याला पुरेसं मिळत नाही, त्याचं शरीर काटकसर शिकतं. पुढे सुबत्ता आली तरी त्याचा तिच्यावर विश्वास बसत नाही. मिळेल ते चरबी करून साठवतं. अशांना लठ्ठपणाचा आणि साखरेचा धोका जास्त.

दुपारी जेवताना आईला विचारलं.

“वजन?” ती हसली. “अरे, तुला सुपात ठेवला तर अर्धं सूप मोकळंच व्हतं. मी पोटुशी असताना सासू अर्धीच भाकर द्यायची. म्हनायची, पोर लहान, तर सुटका सोपी. आन् झालीच की सोपी!”

“आणि डोहाळे?”

“निवट्यांचं कालवण. माझं म्हायेर खाडीचं ना.” तिने खिडकीकडे पाहिलं. तिथून खाडी दिसत नाही, लूमच्या कारखान्यांचे पत्रे दिसतात. “पन कुनी दिलं न्हाय.”

बोलता बोलता तिने शेजारच्या ताटातली अर्धी भाकर उचलून टोपलीत ठेवली. ताट माझ्या मुलीचं होतं. पहिल्या बाळंतपणासाठी ती नुकतीच माहेरी आली होती.

“आई, ती भाकर परत दे,” मी म्हणालो, आणि डॉक्टरांचं सगळं सांगितलं.

तिचा हात टोपलीवरच थांबला. “म्हंजे तुझं पोट... माझ्यामुळं?”

“नाही गं. मिठाईवाल्यामुळे.”

ती हसली नाही. तिने ती अर्धी भाकर ताटात ठेवली, वर आणखी एक ठेवली. “खा, बाय.”

“आजी, दोन जिवांचं म्हणजे दोन गड्यांचं नाही गं!”

दुसऱ्या दिवशी मी निवट्या शोधायला निघालो. आमच्या खाडीचं पाणी आता कापडाच्या रंगांनी वाहतं, त्यामुळे मिळाल्या त्या लांबच्या. हा चिखलातला मासा आईने नातीसाठी चिंच घालून, मन लावून शिजवला. वास येताच नात नाकाला ओढणी लावून आतल्या खोलीत गेली आणि वरणात कुस्करून अख्खी भाकर खाऊन आली. निवट्या आईने एकटीने खाल्ल्या, काटे बाजूला काढत, हळूहळू. मी समोर बसून राहिलो. डोहाळे पुरे व्हायला माझं डोकं पांढरं व्हावं लागलं होतं.

“कशा झाल्यात?”

ती बराच वेळ बोटं चाटत होती. “चांगल्या हायेत. पन तवा लागल्या असत्या, तशा न्हाय लागत.”

पुढे नातीला मुलगी झाली, ठणठणीत. बाळाला सुपात ठेवायचा हट्ट आईने सोडला नाही. बाळ मावलंच नाही, दोन्ही पाय बाहेर. आई डोळे पुसत येईल त्याला ते पाय दाखवत होती.

सूप प्लॅस्टिकचं होतं. हल्ली ते लहानच येतं.