सातव्या टेकाडावरची हाक

पारनेरच्या माळावर, जिथं पूर्वी मेंढरंसुद्धा तोंड फिरवून जायची, तिथं आता गोल्फचं मैदान आहे. हिरवंगार. शेजारच्या वाडीत टँकर येवो न येवो, इथल्या गवताला रोज पाणी मिळतं, आणि त्यावर बोलायचं नसतं. सहादेव कधीच बोलला नाही. एकोणीस वर्षं तो तिथं कॅडी होता. साहेब लोकांच्या काठ्यांची जड पिशवी खांद्याला लावायची, त्यांच्या मागं चालायचं, बॉल कुठं पडला ते हेरायचं, आणि तोंड बंद ठेवायचं. यातलं शेवटचं काम भल्याभल्यांना जमत नाही. सहादेवला ते इतकं जमलं होतं, की क्लबात नवा कॅडी आला की मॅनेजर त्याला सांगायचा, "सहादेवकडं बघ आणि शीक."

गडी मूळचा पाथर्डीकडचा. चौदा हंगाम त्यानं बायकोच्या जोडीनं ऊस तोडला होता. तो तोडायचा, लंकाबाई मोळ्या बांधायची. मैदान तयार होत होतं तेव्हा दोघं मातीकामाला आले आणि इथंच राहिले. तो कॅडी झाला, ती गवतातलं तण खुरपायला लागली, आणि पोरगा ओम मोठा होऊन चाकणला कंपनीत चिकटला. बरं चाललं होतं हो. अगदी बरं चाललं होतं.

या खेळाचे रीतिरिवाज म्हणजे सोवळ्याच्या वरताण. साहेबानं मारायला काठी मागं नेली की कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, खोकला आला तर गिळायचा. आपली सावली त्यांच्या बॉलवर पडू द्यायची नाही. पुढं माणूस दिसत असेल तर साहेबानंही मारायचं नाही. आणि बॉल भरकटलाच, तर पोटातून बोंब मारायची, "फोर!" ती ऐकली की वर बघायचं नाही, पळायचं नाही, जागच्या जागी बसून दोन्ही हातांनी डोकं झाकायचं.

हे शेवटचं खुरपणीच्या पाच बायकांना शिकवताना सहादेवच्या नाकी नऊ आले. साऱ्या ऊसतोडीच्या बायका. फडात मुकादमानं हाक दिली आणि बाई ताठ उभी राहून 'ओ' म्हणाली नाही, तर दिवसभर शिव्या खायच्या. त्यामुळे सहादेव "फोर" ओरडला की पाचही जणी उभ्या! सगळ्यात आधी लंकाबाई.

"अगं, माझी अब्रू घालवतीस का चार मानसात?" तो वैतागायचा.

"मंग वरडता कशाला? वरडल्यावर मानूस बघनारच की!"

बायका खिदळायच्या. पण त्यानं पिच्छा सोडला नाही. सहा महिने रोज सकाळी कवायत. शेवटी लंकाबाई अशी तयार झाली, की एकदा भाकरी थापताना तो गमतीनं "फोर" म्हणाला, तर तिनं पिठाच्या हातांनी डोकं धरलं. केस पांढरे झालेले बघून दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

एकदा सहादेवही चुकला होता. एका साहेबानं काठी उचलली आणि हा शिंकला. बॉल गेला डबक्यात, साहेबानं काठी आपटली, आणि मॅनेजरनं सहादेवला आठ दिवस घरी बसवलं. शिंकेपायी! त्यानंतर साहेबाची काठी मागं गेली की सहादेवचा दगड व्हायचा. अंगावर माशी बसली तरी हात हलायचा नाही.

तो दिवस फेब्रुवारीतला, गुरुवारचा. पुण्याचे कर्णिक साहेब खेळत होते. म्हातारा सज्जन माणूस, कॅडीला अहो-जाहो करणारा. खेळाच्या सातव्या टप्प्यात मधे टेकाड आहे, त्यामुळं मारणाऱ्याला पलीकडचं दिसत नाही. म्हणून टेकाडावर एक जण दोन निशाणं घेऊन उभा राहतो. पुढं माणसं असली तर लाल, मोकळं असलं तर हिरवं. तिथं सहादेव उभा होता. पलीकडं खुरपणाऱ्या बायका काम उरकून लांब बाभळीखाली गेल्या, तेव्हा त्यानं हिरवं निशाण हलवलं.

तेवढ्यात लंकाबाई माघारी वळली. खुरपं राहिलं होतं तिचं. लगबगीनं येऊन ती गवतात बसली आणि चाचपडायला लागली.

सहादेवनं ते पाहिलं. वळून साहेबाकडं पाहिलं, तर काठी मागं निघालेली. लाल निशाण त्याच्या डाव्या हातात होतं. हात वर गेला असता तर साहेब थांबले असते. फार तर चिडले असते, मॅनेजरनं पुन्हा आठ दिवस घरी बसवलं असतं, काय बिघडत होतं? पण हात उठला नाही. एकोणीस वर्षांची मेली सवय अंगात भिनली होती.

काठी फिरली. बॉल टेकाडावरून तिरका निघाला आणि सरळ तिच्याकडं वळला. अजून वेळ होता. एक शब्द, जो त्यानं जन्मभर दुसऱ्यांसाठी बोंबलून सांगितला होता, तो तोंडात तयार असायला हवा होता. पण समोर कुणी खुरपणारी बाई नव्हती, त्याची बायको होती. तो ओरडला,

"ओम्याची आई!"

त्यांच्याकडं नवरा बायकोचं नाव घेत नाही. ओम झाल्यापासून तिला त्याची हीच हाक. त्या हाकेला ती कधी बसून राहिली नव्हती. लंकाबाई उठली, टेकाडाकडं वळली, पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली, "ओ!"

बॉल कानाच्या वर लागला. बसलेली असती तर डोक्यावरून गेला असता.

नगरच्या दवाखान्यात नेताना जीपमध्ये ती शुद्धीवर होती. रक्त फारसं नव्हतं, म्हणून त्याला वाटलं, निभावलं. मांडीवरचं डोकं हलवत तिनं विचारलं, "हाक मारली हुती ना? काय काम हुतं?"

"काय न्हाई," तो म्हणाला. "उगंच."

"उगंच कशाला वरडता मानसात," ती म्हणाली आणि डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी ती गेली.

क्लबच्या कागदावर लिहिलं गेलं की कॅडीनं वेळेवर इशारा दिला होता. बायका लांब होत्या, वारा उलटा होता. त्यांनी नुसता आवाज ऐकला होता, शब्द नाही. सहादेवनं सही केली. खोटं बोलला नाही, पण खरंही बोलला नाही.

दहाव्याला कर्णिक साहेब दारात आले. चप्पल बाहेर काढून, हात जोडून. "सहादेव, चूक माझी आहे. मी परत कधी काठी धरणार नाही." ओमनं त्यांना पाहिलं आणि कोपऱ्यातलं फावडं उचललं. "याच्याच हातानं माझी आई गेली!"

सहादेव मधे आला. गप्प राहिला असता, तर पोरगा जन्मभर त्याचा राहिला असता. हे त्याला ठाऊक होतं.

"खाली ठेव ते," तो म्हणाला. "साहेबाचा बॉल चुकला, व्हय. पर माज्या हातात लाल निशान हुतं, ते म्या उचललं न्हाई. आन् फोर म्हनायचं सोडून तुज्या आईला हाक मारली. ती बसली हुती. म्या हाक मारली म्हनून उठली."

ओमनं फावडं भिंतीला टेकवलं. दुसऱ्या दिवशी चाकणला गेला, तो परत फिरकला नाही. फोन लावला तर उचलत नाही.

सहादेव अजून क्लबात आहे. पिशवी उचलत नाही. खुरपणीला नव्या बायका आल्या की त्यांना शिकवायचं काम त्यानं मागून घेतलं. ओळीनं बसवतो, "फोर" ओरडतो, आणि मग प्रत्येकीला विचारतो, तुला घरी काय म्हणून हाक मारतात? कुणी म्हणते पंकजाची आई, कुणी म्हणते आरतीची आई. मग तो एकेकीच्या पाठीमागं जातो आणि अचानक तीच हाक मारतो, आणि ती उठली की पुन्हा बसवतो. पुन्हा. पुन्हा.

परवा एक नवी बाई वैतागली. "अवो मामा, घरच्या मानसानं हाक मारली तर उठायचं न्हाई व्हय? ही कसली रीत?"

बाकीच्या हसल्या. सहादेव तिच्यासमोर उकिडवा बसला.

"घरच्या मानसानं मारली, तर आदी डोकं झाक," तो म्हणाला. "माजी बायकू उठली हुती."

त्या बाईनं हळूच दोन्ही हात डोक्यावर ठेवले, आणि सहादेव पुन्हा हाक मारायला तिच्या पाठीमागं गेला.