पोटावरचा जावई

माझं अक्षर वाईट आहे आणि लिहिण्यातही चुका होतील. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हा वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. पण पोटाविषयी मावशींइतकं मोकळं बोलणारी बाई अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरी झाली नसेल, हे मी खात्रीने लिहिते. त्या दिंडोरीच्या, द्राक्षबागेत छाटणीला जायच्या. वॉर्डात सगळ्या त्यांना मावशी म्हणत. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन आता किमोसाठी त्या दाखल होत्या, आणि ऑपरेशनसाठी आलेल्या मला त्यांच्या शेजारची खाट मिळाली.

नवी पेशंट आली की नाव-गावाच्या आधी मावशी विचारत, "किती दिवस मूळव्याध समजून काढले?" बहुतेकींचं उत्तर तेच निघे. कुणी सुरण खाऊन पाहिलेला, कुणी नुसत्या ताकावर राहिलेली. एकीला फक्त थकवा यायचा, म्हणून रक्तवाढीच्या गोळ्या चालू होत्या. एकीचं पोट कधी गच्च, कधी दिवसभर जुलाब, आणि वजन उतरत चाललेलं. जेवणाची गाडी आली तरी मावशींची चौकशी थांबत नसे. मोठे डॉक्टर राउंडला आले की त्याच आधी सांगत, "पाच नंबरला आज वारा सरला, आता चहा द्या तिला." पाच नंबर पांघरुणात तोंड लपवी.

मी तर रक्त जातं हे नवऱ्यालाही कित्येक महिने सांगितलं नव्हतं. गाठ अगदी खाली, शौचाच्या जागेजवळ होती. डॉक्टर म्हणाले, ती पूर्ण काढायची तर शौचाची वाट पोटावर काढून कायमची पिशवी लावावी लागेल. मी मान हलवली आणि ते गेल्यावर ह्यांना म्हणाले, "घरी चला. मला पिशवी नको." चार बायकांत बसले आणि आवाज झाला तर? त्यापेक्षा मेलेलं बरं वाटत होतं.

मावशींनी ह्यांना बाहेर पिटाळलं, पडदा ओढला आणि पदर बाजूला करून स्वतःच्या पोटावरची पिशवी दाखवली. "ह्यो माझा जावई. कधी येईल नेम नाय. आला की हातातलं काम टाकून त्याचंच बघायचं. आन चारचौघांत काही बोलून बसला तरी आपण हसून घ्यायचं." तेवढ्यात पिशवी कुरकुरली. "बघ, नाव काढलं की हजर!" मी रडता रडता हसले. मग त्या हळूच म्हणाल्या, "मी लय उशिरा आले गं. तुझं अजून पसरलं नाय. सही कर."

मी सही केली.

ऑपरेशननंतर काही महिन्यांनी तपासणीला गेले तेव्हा मावशी बाहेरच्या बाकावर होत्या. इतक्या वाळलेल्या की आधी ओळखलंच नाही. कॅन्सर लिव्हरमध्ये गेला होता. शेजारणीला त्या काहीच विचारत नव्हत्या. माझा रिपोर्ट चांगला आला होता, पण त्यांच्यासमोर ते सांगायला जीभ रेटेना. मी फाईल पदराआड धरली. त्यांनी पाहिलंच.

"चांगला आला ना गं?"

मी मान हलवली.

"मग त्ये काय लपवायची गोष्ट हाय? मोठ्यानं सांग. मला ऐकू दे."

"मावशी, मला आता काही नाही," मी म्हणाले. आवाज एवढा मोठा निघाला की अख्खी रांग वळून बघू लागली. मावशींनी डोळे मिटले, माझा हात मांडीवर घेतला आणि त्यांचा नंबर येईपर्यंत तसाच धरून ठेवला.