पहिलं बटण

कोल्हापूरच्या त्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याचं नाव मला ठाऊक नाही. आवाज मात्र अजून कानात आहे.

मी साड्यांचे काठ डिझाइन करतो; त्याचं सॉफ्टवेअर एका जुनाट कॉम्प्युटरवरच चालतं. त्यात नवी, वेगवान एसएसडी डिस्क बसवली, तरी तो रखडतच होता. म्हणून इचलकरंजीहून तो उचलून त्याच्या दुकानात आणला.

स्क्रीन बघताच त्यानं कपाळाला हात लावला. "डिस्कचं पार्टिशन, म्हंजे कप्पा, भलत्याच जागी सुरू केलंय. पुसून नव्यानं पाडायला लागंल."

माझी सगळी डिझाइनं त्यातच होती. घाबरून म्हणालो, "राहू दे. हळू तर हळू, चालतंय की."

"चालतंय म्हणून काय बी चालवायचं व्हय?" तो एवढ्यानं ओरडला, की शेजारचा चहावाला डोकावला. "डिझाइनं आधी दुसरीकडं काढून ठेवतो की. पर पावणं, पहिलं बटण चुकलं की खालची सगळी चुकत्यात!"

दाखवायला त्यानं न बघताच स्वतःच्या शर्टाचं वरचं बटण चिमटीत धरलं. ते दुसऱ्या काजात होतं, आणि खालची सगळी रांग तिरकी.

दुपारपर्यंत कॉम्प्युटर खरंच पळू लागला, डिझाइनंही सगळी जागेवर. निघताना मला राहवेना. मी त्याच्या शर्टाकडं बोट दाखवलं.

त्यानं मान खाली घालून पोटापर्यंतची बटणं न्याहाळली. सगळी काढून परत लावायच्या विचारानंच त्याचा चेहरा पडला.

"चालतंय की," तो म्हणाला.